कस्तुरीसाठी बनवलेला फ्रीज

चामराजपेटेतल्या एका बोळात ज्योतिबा सुळगेकरांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर माडीवर राहायचं घर. बेळगावजवळच्या सुळग्याहून ते आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन या मोठ्या कानडी शहरात आले तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. आता साठी उलटली. बोळात लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अडीअडचणीला धावून जाणारा माणूस अशी त्यांची ख्याती, आणि ती खोटी नाही.

दुकानाचा फोन तीस वर्षं त्यांची बायको कस्तुरी घ्यायची. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकून ती वहीत नाव, पत्ता आणि तक्रार लिहायची. ऐकून ऐकून तिला आजार कळायला लागले होते. कोणी म्हणालं की वरच्या कप्प्यात दूध नासतंय पण फ्रीझरमध्ये बर्फ भरपूर आहे, तर ती विचारायची, "फ्रीझर खाली आहे ना? मग खालचा ड्रॉवर नीट लागतो का बघा आधी." बहुतेक वेळा तेच निघायचं. अशा फ्रीजमध्ये गारवा खाली तयार होतो आणि पंखा तो वर ढकलतो. ड्रॉवर कोंबून भरला, बोटभर उघडा राहिला, की आत दमट हवा शिरते, मागच्या पत्र्याआड बर्फ साचतो आणि पंख्याची वाटच बंद होते. मग ज्योतिबा जायचे, पत्रा काढून बर्फ वितळवायचे, पाणी जायचं भोक मोकळं करायचे. शिवाय त्या घरच्या बाईला समजावूनही द्यायचे, की दाराचं रबर महिन्याला कोमट पाण्यानं पुसा, कागद दारात धरून ओढून बघा, अलगद निघून आला तर रबर सैल झालं समजा. इतक्या आपुलकीनं सांगायचे की लोक कॉफी पाजल्याशिवाय सोडत नसत.

माडीवरचा फ्रीज मात्र एका दाराचा, जुना, आणि कायम गळका. एकदा कस्तुरीनं चिडून वहीत लिहून ठेवलं, 'कस्तुरी सुळगेकर, माडीवर. पाणी गळतं.' ज्योतिबा वाचून पोट धरून हसले. चार गिऱ्हाइकांनाही दाखवलं. फ्रीज गळतच राहिला. तिनं खाली फडकं घातलं.

मग तिच्या पाठीचं सुरू झालं. मणका सरकलाय, वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि त्या फ्रीजचा भाजीचा ट्रे अगदी जमिनीलगत. कोथिंबिरीची काडी हवी असली तरी तिला एक हात ओट्यावर टेकून इंचाइंचानं खाली जावं लागे, आणि वर येताना ओठ घट्ट मिटून घ्यावे लागत.

त्याच सुमारास इंदिरानगरच्या शंतनु आणि शाल्मली या पुण्याच्या नवराबायकोनं घर बदलताना आपला फ्रीज ज्योतिबांना देऊन टाकला. खाली फ्रीझर असलेला, मोठा. व्होल्टेज वाढून त्याचा बोर्ड जळला होता. टेम्पोतून तो दुकानात उतरवला तेव्हा ज्योतिबांनी माडीकडे बघून हाक मारली, "कस्तुरी, खाली ये. हा तुझा."

ती एकेक पायरी धरून उतरली. त्यांनी दार उघडून दाखवलं. "बघ, रोजचं सगळं छातीच्या उंचीवर. वाकायला नको, काही नको. खाली नुसता बर्फ."

"हे माझं?" तिनं विचारलं.

"मग कुणाचं?"

तिनं पदर खोचला आणि उभ्या उभ्याच सगळे कप्पे पुसून काढले. दही कुठे, दुधाचं पातेलं कुठे, भाजीचे डबे कुठे, हे तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

काम मात्र सात महिने चाललं. बोर्ड मिळाला तर सेन्सर मिळेना. पंखा बसवला तर उन्हाळा लागला आणि गिऱ्हाइकांची रांग. कस्तुरीनं एकदाही घाई केली नाही. फक्त रोज जेवताना विचारायची, "आज कुठवर आलं?" ते सांगायचे आणि ती ऐकायची.

मे महिन्यात एका गुरुवारी फ्रीज चालू झाला. ज्योतिबांनी तो दिवसभर चालवून बघितला. पुढचे पाय जरा उंच केले, म्हणजे दार आपसूक लागावं. शुक्रवारी दुपारी माडीवर चढवायचं ठरलं. त्या सकाळी कस्तुरीनं भाजी निवडली, नवे डबे धुऊन पुसून भरले आणि पिशवीत रचून ठेवले.

अकराच्या सुमारास वादिराज घाबराघुबरा दुकानात आला. बोळाच्या तोंडाशी त्याची खानावळ. दुसऱ्या दिवशी दोनशे पानांची मुंजीची ऑर्डर, आणि त्याचा फ्रीज सकाळीच बंद पडलेला. "अण्णा, काहीतरी करा. माझी अब्रू जाईल."

ज्योतिबांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या फ्रीजकडे. "हा घेऊन जा," ते म्हणाले. पाच मिनिटांत चार माणसांनी फ्रीज उचलून नेला.

दुपारी कस्तुरी पिशवी घेऊन उतरली. कोपरा रिकामा होता.

"वादिराजची अडचण होती," ज्योतिबा मान वर न करता म्हणाले. "चार दिवसांनी आणतो."

"सरी, बरं," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन परत वर गेली.

ते डबे जुन्या फ्रीजच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवायला ती बसली ती उठलीच नाही. अर्धा तास तशीच फ्रीजला टेकून होती. शेजारच्या यल्लव्वाक्कांनी येऊन उचललं. खाली ज्योतिबांना हे संध्याकाळी कळलं. ते पुष्कळ हळहळले. शेकायची पिशवी आणून दिली. पण चार दिवसांचे चौदा झाले आणि वादिराजकडून फ्रीज काही आला नाही. वापरात असलेली वस्तू मागायची कशी, म्हणून ज्योतिबा गप्प राहिले.

जूनमध्ये कस्तुरी पाठीच्या उपचारासाठी बेळगावला मुलीकडे, सौम्याकडे गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली होती. पंधराचा महिना झाला. ज्योतिबा रोज फोन करत. "डॉक्टर म्हणतात अजून थोडं राहा," ती सांगायची. फोन घ्यायला कोणी नसल्यानं तक्रारी चुकू लागल्या, पत्ते हरवू लागले. गणपती झाले, दसरा झाला. शेवटी त्यांनी फोनवर सरळच विचारलं, "येणार कधी?"  ती म्हणाली, "जेवला काय?"

दुसऱ्या सकाळी ते वादिराजकडे गेले आणि कस्तुरीसाठी म्हणून फ्रीज मागितला. वादिराजनं कपाळावर हात मारला. "अण्णा, तो अक्कांसाठी होता? एक शब्द बोलला असता तर दुसऱ्याच दिवशी पाठवला असता! मला वाटलं, पडून होता म्हणून दिलात." त्यानं स्वतः खांदा लावून फ्रीज माडीवर चढवला. ज्योतिबांनी तो आतून धुतला, रबराच्या घड्यांमधले पिठाचे कण काडीनं काढले, मागची धूळ झटकली. मग दुकान बंद केलं आणि बेळगावची गाडी धरली.

सौम्याच्या घरी कस्तुरीनं त्यांना वाढलं. ती आता बरीच ताठ चालत होती. जेवताना ज्योतिबांनी सगळं सांगून टाकलं, फ्रीज वर आलाय, तुझे कप्पे तसेच रिकामे ठेवलेत.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमची सोय झाली."

"माझी कसली सोय? तू चल की."

ती समोर खुर्चीवर बसली. "मी फ्रीजसाठी इथं राहिले असं वाटतं तुम्हाला?"

"मग कशासाठी?"

"वादिराजची अडचण खरी होती. तुम्ही वरती एक हाक मारायची होती, कस्तुरी, देऊ काय म्हणून. मीच म्हणाले असते, द्या. दोनशे माणसं जेवायची होती, मी नाही कशी म्हणेन?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझाच होता ना तो? मग मला विचारायचं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही."

ज्योतिबांच्या हातातला घास ताटात गेला. "चुकलं माझं."

"तुम्ही वाईट नाही. सगळा बोळ तुमचं नाव काढतो. मीही काढते." तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "पण तुमच्या वहीत माझी पाळी यायची वाट बघून मी दमले. त्या दिवशी जमिनीवर बसले होते ना, तुम्ही खाली कुणाला तरी रबर कसं पुसायचं ते समजावत होता. मला सगळं ऐकू येत होतं. पण मला तुम्हाला हाक मारावीशीच वाटली नाही. तेव्हाच मला कळलं, माझं वाट बघणं संपलं."

ज्योतिबा दोन दिवस राहिले. नातवाला शाळेत सोडून आले. सौम्याच्या फ्रीजचं दार जरा लोंबत होतं, त्याची बिजागरी त्यांनी कुणी न सांगता घट्ट केली. पुन्हा विचारायचं म्हणून ते दोनदा कस्तुरीजवळ जाऊन बसले, आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून उठले. तिसऱ्या दिवशी एकटेच परतले.

पौषात ती चार दिवसांसाठी आली. बँकेचे कागद आणि राहिलेली लुगडी न्यायची होती. यल्लव्वाक्का येऊन तिला मिठी मारून रडल्या, तीही रडली. त्यानंतर तिनं चहा टाकला आणि दुधासाठी फ्रीज उघडला. दूध नेमक्या जागी होतं. न वाकता, नुसता हात पुढे करून तिनं पातेलं काढलं, परत ठेवलं आणि दार सोडून दिलं. दार आपोआप लागलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

ज्योतिबा दारात उभे होते. ही राहील, असं त्या क्षणी त्यांना अगदी वाटलं.

चार दिवस तिनं त्यांच्यासाठी रांधलं. चटणी कुटून बाटली भरली, कांदे कुठे ठेवायचे, डाळीला कीड लागू नये म्हणून काय करायचं, सगळं सांगितलं. जायच्या दिवशी ज्योतिबांनी तिची पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरताना तिला पुढे जाऊ दिलं.

स्टेशनवर गाडी लागलेलीच होती. त्यांनी तिला खिडकीजवळ बसवलं, पाठीशी उशी लावली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली.

"कस्तुरी," ते म्हणाले, "मी येऊ काय तिकडे? दुकान बंद करून?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. ती बराच वेळ विचार करत राहिली, इतका की खाली उतरा म्हणून मागच्या माणसानं त्यांना हटकलं.

"नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अजून तरी नको."

ज्योतिबा उतरले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.