पाणी निवळवणारे काका

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावात नळाला बारा महिने स्वच्छ पाणी असताना तळ्याचं गढूळ पाणी बादल्या भरभरून घरी आणणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. हे काका निवृत्त इंजिनीअर. शेवग्याच्या बियांनी पाणी निवळवायचं, हे त्यांचं वेड. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला ते बिया आणायला लावत. एका मित्राला त्या पिशवीपायी विमानतळावर अडवून ठेवलं, तर काकांचा पहिला प्रश्न, "पिशवी परत दिली ना?" बिया सोलायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, पूड पाण्यात आधी भराभर आणि मग सावकाश ढवळायची, की गाळ तळाशी बसतो. हे प्रात्यक्षिक चहाच्या आधी असायचं. चहा त्याच पाण्याचा असेल या धास्तीने निम्म्या पाहुण्यांना ऐन वेळी उपास आठवत. काकू गेल्यावर तर काकांना बोलायला त्या बादल्याच उरल्या.

मग त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होऊ लागले. इलाज नव्हता. डॉक्टरकडे मीच ड्राइव्ह करून न्यायचो, म्हणून मला ठाऊक. "मुलीला बोलू नकोस हं. घर विकून मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवेल," काका म्हणाले. मी गप्प राहिलो. तळ्याचं पाणीही मीच आणू लागलो. वेड लागायला शेजार पुरतो.

थँक्सगिव्हिंगला मुलगी बेलव्ह्यूहून आली. मलाही जेवायला बोलावलं होतं. काकांनी उत्साहाने काचेच्या बरणीत पाणी ढवळून ठेवलं. जेवणं झाली तोवर गाळ बसून पाणी नितळ झालं होतं. काकांनी बरणी खिडकीशी धरली. निरखून पाहिलं.

"छे! अजून गढूळच. बिया जुन्या दिसतात," म्हणत ते आणखी पूड घालू लागले.

मुलीने त्यांचा हात धरला. "बाबा, इट्स क्लिअर."

काका थांबले. "तळ दिसतो?"

"हो, बाबा." तिला रडू फुटलं.

त्यांनी ओट्याची कड चाचपून बरणी खाली ठेवली. "मग घराचं काय ते बघ," एवढंच म्हणाले. इतकं शहाण्यासारखं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि ते मला मुळीच सोसलं नाही.

हिवाळ्यातच घर विकलं गेलं. काका आता मुलीच्या गावी एका होममध्ये असतात. फोनवर विचारतात, "तळ्यावरचा बर्फ वितळला का रे?" मी हो म्हणतो.