लाखेचा वास

काल जर्मनीतल्या आखन शहराच्या नाताळबाजारात एक बाई पाकिटांवर लाखेची मोहर उमटवत होती. तो जळका वास आला आणि मला बाबा आठवले.

दोन हजार सहाच्या आसपास मी इथे पीएचडी करत होतो, तेव्हा ते आले होते. याच बाजारात एकदम थबकले आणि म्हणाले, "आजोबांच्या ओसरीचा वास." त्यांचे आजोबा इंग्रजी अमलातले तालुक्याचे वकील; ओसरीवर बसून कागदांवर लाखेच्या मोहरा लावायचे. बसस्टॉपवर बाबा त्यांच्याबद्दलच बोलत राहिले. एकदा भर दुपारी आजोबा कोर्टातून परतले, काळा कोट चुलीत घातला आणि वकिली कायमची सोडली.

"का?" मी विचारलं.

"त्या दिवशी कोर्टात एक बाई..." बाबा म्हणाले आणि बस आली. जर्मन शिस्तीचं त्यांना भारी कौतुक. "चल, इथे बस कुणासाठी थांबत नाही. घरी सांगतो."

बसमध्ये सगळे गप्प, म्हणून तेही गप्प बसले. घरी विषय राहून गेला. पुढे बाबाही गेले.

काल हे लेकीला सांगितलं. "पुढे काय झालं?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

मी त्याच बसस्टॉपकडे पाहिलं. एक बस सुटत होती आणि तिच्यामागे लगेच त्याच नंबरची दुसरी येऊन उभी राहिली होती.