लिफ्ट असलेलं स्टेशन

मुलीकडे लंडनला दहा दिवस राहायचं ठरलं, तेव्हा मी एकच गोष्ट मनात धरली होती. निवृत्त होईपर्यंत मी नाशिकला सातपूरच्या शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी नववीच्या मुलांना निसर्गचित्र समजावताना एका परदेशी चित्राची छापील प्रत मी फळ्यावर लावायचो. नदीचा काठ, उन्हात पिवळंजर्द झालेलं गवत आणि त्यातून पाठमोरी चाललेली एक बाई. ते मूळ चित्र लंडनच्या एका संग्रहालयात आहे, हे मला ठाऊक होतं. ते प्रत्यक्ष बघायचं, बाकी काही दिसलं नाही तरी चालेल.

मुलीने आम्हा दोघांना भुयारी रेल्वेची कार्डं दिली, मोबाईलमध्ये नकाशा घालून दिला आणि ती ऑफिसला गेली. आम्ही दोघं स्टेशनात शिरलो, कार्ड टेकवलं, फाटक उघडलं. समोर सरकता जिना. तोही लहानसहान नव्हे. वरून बघितलं तर खालची माणसं बोटाएवढी दिसत होती. मी पाय टाकला आणि मागे न बघता बोलत राहिलो. बरंच खाली गेल्यावर लक्षात आलं, की उत्तर येत नाहीये. वळून पाहिलं तर बायको वरच उभी. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरलेला, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं घाईघाईत उतरतायत.

मी खाली पोचून पुन्हा वर आलो.

"अगं, मॉलमध्ये चढतेस की!"

"तो एवढासा असतो. हा विहिरीत उतरल्यासारखा आहे. मला नाही जमायचं."

तिथून आमचा सगळा प्रवास लिफ्टच्या मागे लागला. नकाशात ज्या स्टेशनांवर चाकाच्या खुर्चीची खूण असते, तिथेच लिफ्ट. आम्ही अशा स्टेशनापर्यंत बसने जायचं, खाली उतरायचं, आणि लिफ्ट असलेल्या दुसऱ्या स्टेशनावर वर यायचं. संग्रहालयाजवळच्या स्टेशनाला खूण होती, म्हणून मी खुशीत होतो. पोचलो, तर लिफ्टला पिवळी पट्टी लावलेली. बंद. समोर पुन्हा तो जिना, आता वर जाणारा. बायकोने नुसती मान हलवली. पुन्हा गाडीत बसून लिफ्ट असलेल्या पुढच्या स्टेशनाला उतरलो आणि उलटं चालत आलो. पोचेपर्यंत दुपार कलली होती. चित्र ज्या दालनात होतं, तिथे दोरी बांधलेली.

दारातल्या पहारेकरी बाई अगदी गोड बोलल्या. "आज आमच्याकडे कामाला माणसं कमी आहेत, त्यामुळे हे दालन बंद. उद्या या."

उद्या या! नाशिकहून आलेल्या माणसाला उद्या या म्हणजे काय, हे त्या बाईंना कसं सांगायचं? बायको म्हणाली, "आलोच आहोत तर बाकीचं बघू." बाकीचं म्हणजे मडकी, नाणी आणि काचेतल्या तलवारी. मी बघितल्या. एकही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस आणि तिला ताप. मग शनिवार आला. मी नकाशा पाठ करून निघालो आणि तरीही चुकलो. एकाच लाईनच्या पुढे दोन फांद्या होतात, गाडीवर लिहिलेलं शेवटचं नाव बघूनच चढायचं असतं, हे मला कळलं नव्हतं. त्यात रुळांचं काम चालू असल्याने गाडी मधल्या स्टेशनांवर थांबेना. बघता बघता भुयार संपलं, गाडी उजेडात आली, घरांची परसं मागे पडू लागली आणि आम्ही लंडनच्या पार टोकाला उतरलो. परतीची गाडी बराच वेळ नव्हती.

स्टेशनामागे तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे भाजीचे वाफे. शहरातली माणसं तिथे छोटे तुकडे भाड्याने घेऊन भाजी लावतात, असं मुलीने नंतर सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ काड्या रोवून वेल चढवत होते. बायकोचं माहेर घोटीचं, भाताच्या शेतातलं. ती सरळ कुंपणापाशी गेली आणि मराठीतच म्हणाली, "दोरी लय घट्ट बांधली तुम्ही. वेल गळफास घेईल."

गृहस्थ हसले. तिने हातवाऱ्यांनी सैल गाठ दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि आपली गाठ तशीच ठेवली. तरी ते तिला प्रत्येक वाफा दाखवत होते, ते इंग्रजीत आणि ती मराठीत, आणि दोघं मजेत. मी बाकावर बसून संग्रहालय बंद व्हायची वेळ जवळ येताना बघत होतो.

"चल, गाडी येईल."

"येऊ द्या की. किती छान माती आहे बघा."

"माती बघायला एवढ्या लांब आलो का आपण?"

"मी आले," ती म्हणाली.

माझा संताप आतल्या आत धुमसत राहिला. परतलो तोवर संग्रहालय बंद झालं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी सकाळीच सांगून टाकलं, की मी एकटा जातो. ती म्हणाली, मीही येते. घराजवळच्या त्याच स्टेशनात तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या एका दाराकडे बोट केलं. आत गोल गोल फिरत खाली जाणारा साधा, दगडी जिना. बाहेर पाटी होती, की पायऱ्या पुष्कळ आहेत, संकटकाळीच वापरा.

"हा हलत नाही ना? मग यानेच जाऊ."

ती पदर खोचून उतरू लागली. अर्ध्यात मीच कठड्याला टेकून थांबलो. ती खालून विचारत होती, "येताय ना?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्या मोबाईलमधून मान वर काढाल तेव्हा ना!"

त्या दिवशी संग्रहालयाच्या स्टेशनातली लिफ्ट चालू होती आणि दालनही उघडं होतं. चित्र अपेक्षेपेक्षा लहान होतं, समोर माणसं मोबाईल उंचावून उभी. गर्दी हलल्यावर मी जवळ गेलो. गवत पिवळं नव्हतंच. ते निळसर हिरवं होतं, ओलं, संध्याकाळच्या उजेडातलं. ऊन कुठेच नव्हतं. आमच्या छापील प्रतीतली शाई तरी चुकीची होती, नाहीतर कागद जुना होऊन पिवळा पडला होता. आणि त्याच पिवळ्यावर मी वर्षानुवर्षं मुलांना उन्हाचा परिणाम शिकवत होतो. "बघा, तापलेलं गवत," असं म्हणत. मला त्या छापखान्याचा, त्या प्रतीचा आणि कोणत्याही पत्त्यावर न पाठवता येणाऱ्या माझ्याच रागाचा इतका वैताग आला, की चित्र नीट दिसेना.

बायको बाकावर बसून चपला काढून पाय चोळत होती.

"झालं बघून?"

"नाही. रंगच वेगळा आहे."

"मग आता खरा बघा."

मी तिच्या शेजारी बसलो. बराच वेळ बघत राहिलो. राग कमी झाला असं नाही, पण हळूहळू चित्रातल्या त्या बाईच्या पावलांपाशी गवत वाकलेलं दिसलं. प्रतीत तिथे नुसता डाग होता. इतक्यात पहारेकरी आज दालन लवकर बंद होतंय असं सांगत आला, आणि बायको चपला घालू लागली.