बेल न वाजवणारे नाकवाले

ऑफिसात सगळे त्यांना नाकवाले म्हणायचे. गॅसच्या तक्रारींवर जाणारे मेकॅनिक, सव्वीस वर्षं झाली, जिन्यातच हुंगून सांगायचे की गळती नळीला आहे का रेग्युलेटरला. आणि नेमकं तेच नाक गेल्या तापात गेलं. पार गेलं! चार महिने झाले, कांदा नाही की फिनेल नाही. हे फक्त बायकोला माहीत. साहेबांना कळलं तर घरोघरचं काम बंद, गोदामात रिकामी सिलिंडरं हलवत बसा. म्हणून तोंड बंद.

त्या दुपारची ही सातवी तक्रार. तिसरा मजला चढता चढता जीव मेटाकुटीला आला. नेहमीसारखी दारावर टकटक केली. बेल ते कधीच वाजवत नाहीत, आत गॅस कोंडला असेल तर बटणातली एवढीशी ठिणगी पुरते.

टकटक. टकटक. कोणी उघडेना.

शेजारीण बाहेर आली. "काका, आजींना कमी ऐकू येतं. थांबा, बेल मारते."

त्यांनी तिचा हातच धरला.

"अहो, हात काय धरता!"

"बेल नको. वास येतोय का तुम्हाला?"

"म्हणजे काय, जिनाभर येतोय! तुम्हाला नाही येत? गॅसवाले ना तुम्ही?"

इतका वेळ ते त्या वासातच उभे होते.

"चावी आहे? द्या आणि खाली जा. खालचा मेन स्विच पाडा. बाकी कशालाच हात लावू नका, मोबाईललासुद्धा."

खालून तिची हाक आल्यावरच ते आत शिरले. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. तक्रार करून वाट बघता बघता आजींचा खुर्चीतच डोळा लागलेला. त्यांनी आजींना सरळ उचललं.

"मेल्या, चप्पल तरी घालू दे!"

खाली आणल्यावर शेजारीण म्हणाली, "देवासारखे आलात हो."

कसला देव! ही बाई बाहेर आली नसती तर? ते तिथेच फुटपाथवर बसले. मग साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझं नाक गेलंय. चार महिने झाले."

"मग आज गॅस कसा कळला?"

"शेजारणीला विचारलं."

साहेबांनी उरलेल्या तक्रारी दुसऱ्या मेकॅनिककडे दिल्या.

संध्याकाळी त्यांनी घराच्या दारावर टकटक केली. बायकोने उघडलं. "आपल्या घरची तरी बेल वाजवा की हो!"

"उद्यापासून गोदाम," ते म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसली.