डाव्या विंगेतलं स्टूल

चंदीगडच्या मराठी मंडळींत माझी ख्याती होती, की हा माणूस संवाद विसरत नाही. ती पसरवण्यात माझाच हात मोठा होता. इथं बदलीवर आलेली बहुतेक कुटुंबं तीन-चार वर्षांत येतात आणि जातात. मी मात्र एका प्रयोगशाळेत चिकटलो तो चिकटलोच. गणेशोत्सवातल्या नाटकात गेली आठ वर्षं मुख्य भूमिका माझीच. नव्यानं आलेल्या माणसाला मी तालमीच्या पहिल्याच दिवशी ऐकवायचो, की पाठांतराला बुद्धी लागत नाही, शिस्त लागते. हे वाक्य आता आठवलं तरी मान खाली जाते.

आमच्या नाटकाच्या मागे दोन माणसं होती. इंडस्ट्रियल एरियात मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप असलेले एक सरदारजी दिवे सांभाळायचे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. दुसऱ्या आमच्या प्रॉम्प्टर वहिनी. मूळच्या अकोल्याकडच्या, नवरा सरकारी कंपनीत. त्यांच्या बोलण्यात सारखा 'जी' यायचा. भाजीवाल्याला वाटायचं बाई इथल्याच झाल्या, पण तो 'जी' त्यांनी वऱ्हाडातून आणलेला होता. डाव्या विंगेत एक लोखंडी स्टूल होतं. नाटकाची वही मांडीवर घेऊन त्या त्यावर बसायच्या. सरदारजींचा बोर्ड समोरच्या विंगेत. वहिनींनी हात वर केला की दिवे चढायचे, खाली आणला की उतरायचे. हे सगळं मी आठ वर्षं पाहत होतो, आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

गेल्या वर्षी प्रयोगानंतर एका पाहुण्यांनी सहज म्हटलं, की प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. मला ते फार झोंबलं. आता हा आवाज कुणासाठी येत होता, हा विचार मी केला. नाटकात नव्यानं आलेल्या मुलीसाठी असेल, आमच्यातल्या बँकेत काम करणाऱ्या बाईंसाठी असेल. माझ्यासाठी असेल हे मनाला शिवलंसुद्धा नाही. मी ठरवून टाकलं, यंदा प्रॉम्प्टर ठेवायचाच नाही. चांगल्या नाटक कंपन्या ठेवत नाहीत.

वहिनींचे यजमान यंदा निवृत्त होत होते. गणपतीनंतर पंधरा दिवसांत दोघं अकोल्याला निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मी एका दगडात दोन पक्षी मारले. शेवटच्या आठवड्यात बैठकीत सुचवलं, की वहिनींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवू. इतकी वर्षं अंधारात बसल्या, एकदा नाटक समोरून बघू दे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बँकेतल्या बाई, ज्या यंदा माझ्या सुनेचं काम करत होत्या, त्यांनी मात्र माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मला वाटलं, घाबरल्या.

वहिनी बैठक संपल्यावर माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माह्यं हे शेवटचं नाटक जी. मले विंगेतच बसू द्या." मी तो विनय समजलो. हसून म्हटलं, वहिनी, आता मान घ्यायची सवय करा. त्या वही पिशवीत घालून निघून गेल्या.

रविवारी दुपारी चारला प्रयोग. सेक्टरातलं सरकारी सभागृह भरलं होतं. सत्कार झाला, नारळ हातात घेऊन वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. मी सरदारजींना दिव्यांची यादी हिंदीत लिहून दिली होती. पडदा उघडला.

मी निवृत्त स्टेशनमास्तर होतो. तिसऱ्याच मिनिटाला माझं एक वाक्य आलं नाही. बँकेतल्या बाईंनी सावरून घेतलं. मी पुढं गेलो आणि दुसऱ्या अंकातलं वाक्य बोललो. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. यादी वाचून वाक्य ओळखायचं तर मराठी यायला हवं, हे मला तेव्हा कळलं, कारण सरदारजींनी सकाळच्या प्रवेशात संध्याकाळ केली. प्रेक्षकांत हसू फुटलं. मी मनातल्या मनात सरदारजींवर चिडलो, बाईंवर चिडलो, सभागृहातल्या उकाड्यावर चिडलो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मग पत्राचा प्रसंग आला. पहिल्या अंकाचा सगळा जीव त्या पत्रात आहे. घर सोडून गेलेल्या मुलाचं पत्र येतं, म्हातारा ते उभ्यानं वाचतो, आणि ते वाचता वाचताच त्याला कळतं की मुलगा परत येणार नाही. पानभर मजकूर आहे. तालमीत मी तो रिकामे हात समोर धरून म्हणायचो आणि दर वेळी बायका डोळे पुसायच्या. मी टेबलावरचं पाकीट उचललं, फोडलं, घडी उघडली.

कागद कोरा होता.

मी तो उलटून पाहिला. मागूनही कोरा. रंगमंचावरच्या पत्रात मजकूर असतो, इतकंच मला माहीत होतं, जसं नळाला पाणी असतं म्हणून आपण तोटी फिरवतो. तो दर वर्षी कुणीतरी बसून लिहीत असेल हे डोक्यात आलंच नव्हतं. यंदा सामान लावणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी प्रिंटरचा कागद दुमडून ठेवला होता. मी पहिला शब्द शोधायला गेलो आणि डोक्यात काहीही नव्हतं. विसरलेली गोष्ट जिभेच्या टोकावर असते म्हणतात. माझ्या जिभेच्या टोकावर काही नव्हतं. ते वाक्य माझ्याकडे कधी नव्हतंच, असं मला तिथं, अडीचशे माणसांसमोर, लख्ख जाणवलं.

मी डावीकडे पाहिलं. विंगेत रिकामं स्टूल. उजवीकडे सरदारजी बोर्डावर हात ठेवून त्याच रिकाम्या स्टुलाकडे बघत होते. मग मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वहिनींची खुर्चीही रिकामी होती. तिच्यावर शाल आणि नारळ होता. बाई अपमानानं उठून घरी गेल्या, असंच मला वाटलं, आणि त्यांचं काही चुकलं असं वाटेना.

त्या सभागृहातून विंगेत जायला आतून रस्ता नाही. बाहेर पडून पार्किंगला वळसा घालून मागच्या दारानं यावं लागतं. तेवढा वेळ मी कोरा कागद हातात धरून उभा होतो. लोकांना वाटलं म्हातारा गहिवरला आहे. एक-दोघांनी तर टाळ्याही वाजवल्या. मग डावीकडून धापा टाकत आवाज आला.

"तीर्थरूप बाबांना..."

मी म्हटलं, "तीर्थरूप बाबांना." पुढचं अर्धं वाक्य आलं, तेही मी म्हटलं. असं पानभर. त्यांच्याकडे वही नव्हती, काही नव्हतं. शेवटच्या ओळीला त्यांचा हात खाली आला आणि सरदारजींनी दिवे उतरवले. सगळा दुसरा अंक वहिनी स्टुलावर बसून होत्या, आणि तो कसा सुरळीत झाला ते सांगायला नको.

मागे चहाला सरदारजी मला हिंदीत म्हणाले, की यादी वगैरे ठीक आहे, पण भाभीजींचा हात दिसला नाही तर मला नाटक कुठं चाललंय तेच कळत नाही. घरी जाताना गाडीत मुलगी मागून म्हणाली, "पापा, आप तो फ्रीज हो गए थे." मी बायकोला म्हटलं, की या वहिनी मला आधीही वाक्यं देत होत्या की काय, अशी शंका येते. तिनं वळून मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

सगळ्यांना माहीत होतं. बैठकीतली ती विचित्र नजर त्याचीच होती. आठ वर्षं सगळ्या मंडळानं माझ्या शिस्तीवरचं भाषण तोंड मिटून ऐकलं होतं. त्या रात्री मला राग, लाज, आणि पुन्हा राग, असं आळीपाळीनं येत राहिलं.

शाल खुर्चीवरच राहिली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती घेऊन मी वहिनींच्या क्वार्टरवर गेलो. दारातच खोकी बांधलेली. मंडळाला परत द्यायच्या आठ वह्या त्यांनी टीपॉयवर काढून ठेवल्या होत्या. त्या पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मी वरची वही उघडली.

इतरांच्या संवादांची पानं स्वच्छ होती. कुठं एखादी पेन्सिलीची खूण. माझ्या प्रत्येक संवादाशेजारी समासात बारीक 'अं' लिहिलेलं. एकाखाली एक, पान भरून, अं, अं, अं. मी दुसरी वही घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांत तेच. ज्या स्वगताचं मला एका नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, ते पान तर पेन्सिलीनं काळं झालं होतं. सर्वांत खालची वही त्यांच्या इथल्या पहिल्या वर्षाची होती. माझ्या पहिल्या मुख्य भूमिकेचीही तीच. त्याआधी मला नोकराची, टपालवाल्याची कामं मिळायची, हे मी सोयीनं विसरून गेलो होतो.

त्या पाणी घेऊन आल्या. मी समासावर बोट ठेवून विचारलं, हे अं म्हणजे काय.

"अंगठा," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. वाक्य डोक्यातून जायच्या आधी मी उजव्या हाताचा अंगठा बोटावर चोळतो. तो हलायला लागला की त्या पहिला शब्द द्यायच्या. तोंडातून वाक्य निघेपर्यंत मलाही वाटायचं, की ते माझं मलाच आठवलं.

मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही.

"मले वाटे, तुमाले मालूम असंन," त्या म्हणाल्या. "पाठांतर तुमचं कधीच नव्हतं, भाऊजी. आवाज चांगला हाय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या मला माझी उंची सांगावी तशी ही गोष्ट सांगत होत्या, आणि म्हणूनच मी मुळापासून हादरलो.

मी शाल त्यांच्या हातात दिली. काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटच्या नाटकात विंग मागितली होती त्यांनी, दुसरं काही नाही, आणि मी त्यांना नारळ देऊन बाहेर बसवलं होतं. मी खोक्यांमध्ये उभा राहिलो. तोंड उघडलं, मिटलं.

वहिनींनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"माफ करा," त्या हळूच म्हणाल्या.

"माफ करा, वहिनी," मी म्हणालो.