मीटरकाकी आणि माझी भट्टी

दुकान थाटून बसायचं आणि गिऱ्हाईक परत पाठवण्यात धन्यता मानायची, अशी बाई मी एकच पाहिली. शिरवणे गावात हॉटेलच्या सामानाचं तिचं दुकान होतं. विजेच्या भट्ट्या, मिक्सर, फ्रीजर सगळं छतापर्यंत रचलेलं. कुणी मोठ्या भट्टीवर हात ठेवला, की काउंटरमागून आवाज यायचा, "हात काढ. आदी मीटर दाखव." म्हणून अख्खा गाव तिला मीटरकाकी म्हणायचा. दुकानाच्या पाटीवर नवऱ्याचं नाव होतं, पण ती पाटी कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

ऐरोलीची नोकरी सोडून मी पावाचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती. गावठाणातल्या एका इमारतीत तळमजल्याचा गाळा घेतला. घरमालक नानांनी छातीठोक सांगितलं होतं, "पावर भरपूर हाय." त्या भरवशावर मी काकीकडे मोठी थ्री फेजची भट्टी मागायला गेले. काकी माझ्याबरोबर गाळ्यावर आली ती थेट जिन्याखाली शिरली. पदर खोचून, मोबाइलच्या उजेडात तिनं मीटर पाहिला, वायरीचा अंदाज घेतला, पाण्याचा पंप कधी चालतो तेही विचारून घेतलं. मग म्हणाली, "सिंगल फेजची लाइन हाय ही. हिच्यावर ती भट्टी म्हंजे लहान पोरीच्या डोक्यावर पान्याचा हंडा. मी नाय इकनार." वाढीव लोडचा अर्ज करायचा आणि वाट बघायची, एवढाच मार्ग उरला. तोवर दुकान बंद ठेवलं तर घरचे मला परत नोकरीला जुंपणार, हे दिसत होतं. मला रडूच कोसळलं.

"रडतंस कशाला?" काकी खेकसली. "मशिनींना पंगतीत बसव."

ही तिची खास पद्धत. लग्नघरात सगळा गाव एकदम जेवायला बसत नाही, एक पंगत उठली की दुसरी बसते, मग यंत्रांनी तरी एकदम का बसावं? सकाळी पंप बंद झाला की पीठ मळायचा मिक्सर. तो उठला की भट्टी. भट्टी चालू असेतो मिक्सर, किटली सगळे ताटकळत. फ्रीजचं पान मात्र कायम मांडलेलं, त्याचा वाटा आधीच बाजूला काढायचा. काकीनं मला सिंगल फेजची छोटी भट्टी दिली, तिच्यासाठी वेगळी जाड वायर ओढून घ्यायला लावली आणि थ्री फेजचा अर्जही मागे लागून करवून घेतला.

भट्टी चालू असताना मला हात बांधून बसण्यावाचून गत्यंतर नसे. नेमकी तेव्हाच काकी यायची. समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा आणि पिठाच्या गोणीवर बसून गप्पा. "करंटला लाज नसते, बाय. वाट गावली की तो पलतो." असं शहाणपण सांगणारी काकी स्वतःच्या घरी मात्र गीझर, एसी आणि इस्त्री एकदम लावायची, आणि अंधार झाला की मुलावर ओरडायची.

एकदा बेलापूरच्या एका कँटीनची मोठी ऑर्डर मिळाली. ती वेळेवर गेली तर रोजचं गिऱ्हाईक, नाही तर दुकानाचं काही खरं नव्हतं. नेमकी त्याच संध्याकाळी नानांच्या मुलीची हळद. मांडववाल्यानं "जरा दोन दिवे" म्हणत माझ्याच लाइनवरून रोषणाई घेतली आणि मागाहून डीजेही जोडला. पाव भट्टीत असतानाच सगळं गपकन बंद. मी धावत मांडवात गेले. काकी पिवळी साडी नेसून, गालाला हळद लावून नाचत होती. माझा चेहरा बघून तिनं काय ते ओळखलं आणि सरळ डीजेची वायर उपटली.

नाना उसळले, "काकी, पोरीची हलद हाय!"

"नवरी थांबंल, नाना. पीठ नाय थांबनार." मग मांडवाकडे वळून ती ओरडली, "चला, जेवून घ्या आदी! नाचाला रात पडलीय!"

मटणाचं नाव निघताच नाच कुणाच्या लक्षात राहिला नाही. मी पडलेला खटका वर केला आणि लोक जेवून हात धुवेपर्यंत माझे पाव भाजून निघाले. मग काकीनं स्वतः डीजे पुन्हा जोडला आणि सगळ्यांच्या आधी नाचायला लागली. ऑर्डर सकाळी वेळेवर पोचली. दुकान तरलं ते तिच्यामुळे, हे मी कुणालाही सांगते.

पुढे थ्री फेज आलं. काकीनं मीटर पुन्हा डोळ्यांनी पाहिला आणि मगच मोठी भट्टी विकली. आता सगळं एकदम चालू लागलं, मीसुद्धा. काकी यायची, मी मिक्सर आणि भट्टीच्या मध्ये नाचत असायचे, आणि ती "चालू दे तुजं" म्हणून दारातूनच परत जायची.

गेल्या महिन्यात तिच्या दुकानाची इमारत पाडायला निघाली. मुलगा तिला पुण्याला नेतो म्हणाला. निरोप घ्यायला आली तेव्हाही सगळी यंत्रं घरघरत होती. ती कौतुकानं बघत राहिली. "एका पंगतीत बसली गं सगली. बरं झालं. येते मी."

मी मिक्सर बंद केला.

काकी चमकून वळली. "काय झालं? लाइन गेली?"

"नाही गं. बस ना जरा."

ती गोणीवर बसली. मी टपरीवाल्याला चहा सांगितला, आणि तो संपल्यावर आणखी एक. पीठ अर्धवट मळलेलं राहिलं आणि त्या दिवशीचे पाव जरा घट्टच झाले. गिऱ्हाइकं कुरकुरली, तेव्हा मी सांगितलं, "आज काकी आली होती."