वरमामांचा तपकिरी हार

लखन जाचकला तपकिरी गुलाबांची किळस यायची. बारामतीत इतकी वर्षं लग्नाचे मंडप सजवल्यावर ही चहाच्या डागासारखी फुलं कुणी मागेल, असं त्याला वाटलं नव्हतं. जळोचीच्या नवरीनं, राजनंदिनीनं मात्र हट्टानं वाण निवडले: स्टेजला विटकरी छटेचा आणि वरमामांच्या मानाच्या हाराला दालचिनी रंगाचा. बाकी मानकऱ्यांना झेंडू.

मांडवात इंदापूरचे वरमामा हार बघताच भडकले. "शिळी फुलं? ह्योच आमचा मान व्हय?" ते उठून गेले असते, तर लखनला पुन्हा कुणी काम दिलं नसतं. त्यानं मनातल्या मनात शिवी हासडली आणि आवाज चढवला, "आबा, शिळी न्हाईत, लई महागाची हायती. सगळ्या मांडवात असा हार फकस्त तुमाला!"

आबांनी गुमान मान पुढं केली. लगेच बाकीचे मानकरी गळ्यातला झेंडू काढू लागले. "आमी काय रस्त्यावरचं हाय व्हय?"

"फुलं कुणाला बघायचीत! समदे दुसऱ्याचा गळा बघत्यात," असं पुटपुटत लखन स्टेजवर चढला आणि सकाळीच लावलेले विटकरी गुलाब हारांसाठी उपटू लागला.